दम कुठे कमी पडत होता

आमच्या शाळेच्या मुली खो-खोत तालुका सहज मारतात, जिल्ह्याला धडक देतात, अधूनमधून विभागालाही खेळून येतात. लासूर स्टेशनात त्याचं श्रेय मला मिळतं. कांद्याच्या आडतीवर गेलो तरी कुणीतरी चहा सांगून म्हणतं, ‘‘सर, यंदा राज्य काढायचंच.’’ या कौतुकात माझ्या चुका वर्षानुवर्षं झाकून राहिल्या. लिहितोय ते एवढ्यासाठी, की माझ्यासारखे कितीतरी सर आजही तेच करताना मला मैदानावर दिसतात.

पळतीला नुसता वेग पुरत नाही. साखळीत फिरताना दर दोन-तीन पावलांना अंग वळवावं लागतं, खांबाजवळ हुलकावणी द्यावी लागते. दीड-दोन मिनिटांत छाती भरून येते. माझ्या एका मुलीची पळती बघत राहावी अशी होती. नववीत गेल्यावर मात्र ती मिनिटाच्या आत बाद व्हायला लागली. बाद झाली की खांब धरून उभी राहायची, ओठ पांढरेफटक. मला ते दिसत होतं. तरी मी म्हणालो, ‘‘नाटकं नकोत, दम वाढव,’’ आणि फेऱ्या वाढवल्या. मग जिल्ह्याच्या संघातून तिला काढलं. त्या वर्षी आम्ही जिंकलो, म्हणून माझा निर्णय बरोबर होता असं सगळ्यांनी धरलं. मीही.

पुढे घरी चक्कर येऊन पडल्यावर तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. या वयाच्या मुलीला किमान बारा हवं. तिची आई म्हणाली, ‘‘सकाळी कोरा चहा अन् बटर खाऊन येती ती, सर. मी निंदायला जाते, भाकरी होत नाही तवर.’’ इतकी वर्षं पहाटे सराव घेत होतो, पण पोटात काय घालून आलीस, हे एकीलाही विचारलं नव्हतं. पाळीचा विषय तर मी बाईंवर ढकलून मोकळा झालो होतो.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते. काही मुलींना तिने मळमळतं, म्हणून स्पर्धेच्या दिवसांत ‘गोळी राहू द्या’ असं मीच सांगायचो. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत आमची कुठली ना कुठली स्पर्धा चालूच असते. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, हे पाहणीतून आलेलं मी वाचलं होतं. ते माझ्या मैदानावरही असेल, असं मनात आलं नाही.

धाराशिवच्या सारिका काळेची गोष्ट मी मुलींना नेहमी सांगायचो. २०१६ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं, २०२०ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. गरिबीमुळे कितीतरी वर्षं एकवेळच जेवून काढली, असं तिनेच सांगितलंय. मी त्यातून भलताच धडा काढला आणि मुलींच्या गळी उतरवला: पोट रिकामं असलं की पोरगी पेटून खेळते. सारिका भूक सोसून जिंकली. त्या भुकेने माझ्या किती जणी अशाच घरी बसवल्या, याची मोजदाद माझ्याकडे नाही.

आता सरावाआधी शेंगदाणे-गूळ असतो. खर्च आम्ही काही शिक्षक आणि दोन आडते मिळून करतो. गोळी जेवणानंतर, आणि तिच्या आगेमागे चहा नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं. हंगामाच्या सुरुवातीला सरकारी दवाखान्यात सगळ्यांचं रक्त तपासून घेतो आणि पळतीच्या वेळा लिहितो त्याच वहीत आकडे लिहितो.

ती मुलगी बरी झाली, पण मैदानावर परतली नाही. खेळाडूंना दहावीला सवलतीचे गुण असतात. तिचं नाव पाठवायला माझ्या यादीत ती नव्हतीच.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत आता मी कमी रक्ताच्या मुलीला पळतीला उतरवत नाही. गेल्या हंगामात त्यापायी एक चांगली खेळाडू बसवावी लागली आणि आम्ही हरलो. तिचे वडील भांडायला आले. त्यांना मी तपासणीचा कागद दाखवला आणि पुढच्या तपासणीला तिच्यासोबत तुम्हीही या, असं सांगितलं.