पहिली जोडी

नाकाची किंमत माणसाला सर्दी झाल्यावर कळते आणि सर्दी गेली की तो ती विसरतो. आमच्या आईच्या बाबतीत मात्र आजार गेला, पण वास परत आला नाही. २०२१ च्या जानेवारीत करोनाने तिची फुफ्फुसे धरली. सोळा दिवस ती प्राणवायूवर इस्पितळात होती. घरी आली, चालूबोलू लागली, पण फोडणीचा वास येईना आणि दूध नासले तरी समजेना.

डॉक्टरांनी आम्हांस समजावले ते असे. मेंदूशी थेट जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या असतात. पहिली गंधाची, सातवी चेहऱ्याच्या स्नायूंची. विषाणूच्या जबर आजारानंतर यांतली एखादी दुखावते. करोनात घाव मुख्यतः गंधपेशींवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर बसतो, असे २०२० साली संशोधकांना दिसले. शेजार उजाडला की आपलेही घर चालत नाही, तसेच हे! मात्र गंधपेशी पुन्हा उगवू शकतात. (चेहऱ्याची एक बाजू एकाएकी लुळी पडली, तर वाट न पाहता ताबडतोब डॉक्टर गाठावा. पक्षाघात नाही ना, हे आधी पाहावे लागते; आणि सातव्या जोडीचे दुखणे असेल, तर औषध तीन दिवसांच्या आत सुरू झालेले बरे.)

आईचे खरे दुःख फोडणीचे नव्हतेच. शब्बाथ संपल्यावर हवदालाच्या वेळी ती लवंगांची डबी न हुंगता नातवाकडे सरकवी. ज्याला वास येत नाही त्याने स्वतःसाठी सुगंधाची बेराखा म्हणू नये, असे शुल्हान आरूख सांगतो. "मलिद्याच्या ताटातला सबजा हुंगून जन्मभर बेराखा म्हटली, आता नुसते आमेन म्हणू? ते तर पाहुणीचे काम!" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली एक साधा व्यायाम मांडला: गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी, हे चार वास सकाळ-संध्याकाळ, एकेक करून, मन लावून हुंगायचे, निदान बारा आठवडे. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. आई म्हणाली, "हे कसले औषध, हा तर आपलाच मसाल्याचा डबा." पण रोज बसली.

तिसऱ्या महिन्यात कोथिंबिरीला जळक्या रबराचा वास येऊ लागला. आम्ही घाबरलो; डॉक्टर खूश झाले. तंतू जागे होताना असे उलटसुलट वास पुष्कळदा येतात म्हणे. पाचव्या महिन्यात लवंग आली, आणि त्या शनिवारी तिने डबी कोणाला दिली नाही.

गॅस गळतीची सूचना देणारे यंत्र आम्ही स्वयंपाकघरात बसवले आहे, ते काढणार नाही. दुधावरची तारीख नातू वाचतो. सुके बोंबील मात्र अजून तिच्या नाकाला लागत नाहीत. शेजाऱ्यांच्या नाकाला लागतात.