सूज, दाह आणि जलोदर

मराठीत ‘सूज’ हा एकच शब्द दोन कामे करतो. पाय सुजला म्हणजे पाणी साचले. हिरडी सुजली म्हणजे आत काही पेटले आहे. वैद्यकाला हे अर्थ वेगळे राखावे लागतात, म्हणून तिथे ‘दाह’ येतो. सिऱ्होसिसमध्ये मात्र दोन्ही एकाच पोटात नांदतात. आम्हा भाचरांना हा भेद उमगला तो लालबागच्या मामांमुळे, परळच्या एका रुग्णालयात.

मामा गिरणी कामगार. १९८२च्या संपात नोकरी गेली ती कायमची. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. आजार हिपॅटायटिस सीचा होता. पण चाळीत ‘लिव्हर’ म्हटले की प्रश्न संपतो. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि सुधाकर आमच्या समाजमनात असा बसला की यकृताच्या प्रत्येक रोग्यात आपण त्यालाच शोधतो. मामी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, कुणी न विचारताच, “हे घेत नव्हते हो” असे सांगत. आम्हाला ते वाक्य रोगापेक्षा जड वाटे. घेत असते, तर त्यांच्या वेदनेची किंमत कमी झाली असती काय?

जलोदर हा फार जुना रोग. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाच्या कथेत वरुणाला दिलेला शब्द न पाळणाऱ्या हरिश्चंद्राचे पोट फुगते. चरकाने मोजलेल्या आठ उदररोगांत उदकोदर आहेच. म्हणजे इथेही रोग आणि अपराध यांची सांगड आधीपासूनची.

त्या दिवशी मामांना ताप नव्हता. ते नुसते थोडे बरळत होते. रक्तातील सीआरपी किंचित वाढलेला, पांढऱ्या पेशी ‘नॉर्मल’. आम्ही निर्धास्त झालो; डॉक्टर झाल्या नाहीत. सीआरपी हे दाहाचे चिन्ह. न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते १९३० साली प्रथम सापडले. पण ते तयार कुठे होते? यकृतातच. दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ यकृताला निरोप देते आणि यकृत सीआरपी बनवते. यकृतच खंगलेले असेल, तर निरोप पोचूनही उत्तर क्षीण येते. उलट, आतड्यातील जंतू व त्यांचे अवशेष झिरपत राहिल्याने अशा रोग्यात संसर्ग नसतानाही सीआरपी थोडा चढलेला असू शकतो. पांढऱ्या पेशींचेही तसेच: वाढलेली प्लीहा त्या अडवून ठेवते, म्हणून ‘नॉर्मल’ आकडा प्रत्यक्षात वाढलेला असू शकतो. समीक्षेच्या वर्गात आपण ज्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतो, तो इथे रक्ताच्या अहवालात बसलेला होता.

मग विश्वास कशावर ठेवायचा? पोटातल्या पाण्यावरच. सुईने थोडे पाणी काढून न्यूट्रोफिल मोजतात. घन मिलिमीटरला २५० किंवा अधिक निघाले, तर उदरपोकळीत जंतुसंसर्ग आहे असे धरून प्रतिजैविके लगेच सुरू होतात. कल्चरची वाट पाहत नाहीत, कारण त्यात पुष्कळदा काही उगवतच नाही. मामांचा आकडा हजाराच्या वर होता.

पाणी काढण्याची कृती सुश्रुतानेही सांगितली आहे: नाभीच्या डाव्या बाजूस, व्रीहिमुख शस्त्राने. आणि बजावले आहे की सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये. आज पाच लिटरांहून अधिक काढताना दर लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात, नाहीतर रक्ताभिसरण कोलमडते व मूत्रपिंडे जातात. हे अल्ब्युमिनही निरोगी शरीरात यकृतच बनवते. आमच्यासाठी ते बाटलीतून येत होते, आणि तिची किंमत ऐकून मामी गप्प झाल्या.

दोन दिवसांनी पुन्हा पाणी तपासले. पेशी निम्म्याहून खाली आल्या होत्या. मामा शुद्धीवर येऊन पहिल्यांदा स्पष्ट बोलले. त्यांनी डॉक्टरांना विचारले, “पाणी परत भरेल का, बाई?”

“भरेल,” त्या म्हणाल्या. “मग परत काढू.”