आसाचे वंगण

चाकाचा तुंबा आणि आस यांच्यातल्या बारीक फटीत वंगणाचे काम चालते. चाक फिरताना तुंब्याची आतली बाजू आसावर घासते, आणि वंगण ही घासण हलकी करते. तंजावूरच्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला या फटीचा आवाज चालता येण्याआधीच ऐकू येतो.

तिथली लाकडी नडैवंडी म्हणजे आपला पांगुळगाडा: तीन चाके, धरायला आडवी दांडी. गाडा करकरू लागला की घरातले कोणीतरी त्यावर खोबरेल सोडते. लाकूड ते पिऊन टाकते, उरलेल्या ओशटपणाला अंगणातली धूळ चिकटते आणि चार दिवसांत करकर परत येते. आसावर मेणबत्ती चोळणे अधिक चांगले. मेण कोरडे राहते. तेही बेताने, कारण फार हलका पळणारा गाडा मुलाच्या पुढे जातो आणि मूल तोंडावर पडते.

पांगुळगाड्यानंतर खेळण्यातला रथ येतो. पिळ्ळैत्तमिळ या तमिळ काव्यप्रकारात बाळपणाचे दहा टप्पे वर्णिलेले असतात. नायक मुलगा असेल तर त्यांतला शेवटचा टप्पा ‘सिरुतेर’, म्हणजे छोट्या रथाचा. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराचा खरा रथ मात्र तिथल्या काही पिढ्यांना बघायलाच मिळाला नाही. बृहदीश्वराची रथयात्रा सुमारे शंभर वर्षे बंद होती; ती एप्रिल 2015 मध्ये नव्या रथासह चार राजरस्त्यांवरून पुन्हा निघाली. अशा अवजड रथाला पळवण्यापेक्षा थांबवणे अवघड. त्यासाठी चाकाखाली लाकडी पाचरी सारतात, वळवतातही त्यांनीच. शेजारच्या तिरुवारूरच्या प्रचंड रथाला तिरुचिरापल्लीच्या ‘भेल’ कंपनीने लोखंडी आस आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले आहेत.

वंगणाचा खरा खप बैलगाडीत होता. कावेरीच्या खोऱ्यातले भात वाहणाऱ्या गाड्यांना जाळलेल्या पेंढ्याची काजळी एरंडेलात खलून केलेले काळे वंगण लागे. एरंडेल दाट, त्यामुळे ओझ्याखालीही ते आसावरून चटकन निथळत नाही. काजळी म्हणजे मुख्यतः कर्ब. मोराच्या पिसांसारखा हलका मालही मर्यादेबाहेर भरला तर आस मोडतो, असे तिरुक्कुरळ हा तमिळ ग्रंथ बजावतो. वंगण घर्षण कमी करते, ओझे नाही.

हाच कर्ब ग्राफाइटच्या रूपात अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना पुन्हा भेटतो, तो मुलाच्या ‘पाइनवुड डर्बी’ या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे डॉन मर्फी यांनी 15 मे 1953 रोजी आपल्या कब स्काउट, म्हणजे लहान वयाच्या स्काउट, मुलांसाठी ही शर्यत प्रथम भरवली. पाइनच्या ठोकळ्यातून कोरलेली गाडी, प्लॅस्टिकची चार चाके, आस म्हणून चार खिळे. मोटर नाही, ढकलणे नाही; उतारच गाडीला पळवतो. नेहमीच्या नियमांत लांबी 7 इंच आणि वजन 5 औंस, म्हणजे सुमारे 142 ग्रॅम, याहून जास्त चालत नाही. बेअरिंग, वॉशर, बुश यांना बंदी, आणि वंगण फक्त कोरडे.

सगळ्या गाड्या एकाच उंचीवरून सुटतात आणि बहुतेकांचे वजन कमाल मर्यादेला टेकलेले असते. म्हणजे मिळणारी ऊर्जा जवळपास सारखीच; फरक पडतो ती वाया किती जाते यात. चाकाचा व्यास सुमारे 30 मिलिमीटर, खिळ्याचा सव्वादोनच्या आसपास. गाडी 13 मीटर पळते तेव्हा तुंबा खिळ्यावर जेमतेम 1 मीटर घासतो. पण शर्यतीचा निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो, तेव्हा हा मीटरही महाग पडतो.

म्हणून वंगणाआधी खिळा तयार करावा लागतो. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या टोपीखाली आणि अंगावर बारीक कंगोरे राहतात. ते कानशीने काढायचे, मग खिळा ड्रिलमध्ये फिरवत ओल्या पॉलिश पेपरने, खरखरीतापासून मऊकडे जात, चकचकीत करायचा. नियम ही मेहनत मुलाची समजतात; कानस बहुधा बापाच्या हातात असते. कंगोरा तसाच ठेवून वर वंगण ओतण्यात अर्थ नाही.

खिळा धुऊन कोरडा झाला की ग्राफाइट. त्याचे पातळ थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सरकतात. भुकटी तुंब्याच्या छिद्रात सोडून चाक बराच वेळ फिरवायचे, म्हणजे ती दोन्ही पृष्ठभागांवर बसते; सुटी राहिलेली झटकायची. तुंब्याची कड गाडीच्या लाकडाला जिथे टेकते तिथेही बोटाने ग्राफाइट घासावे. ही जागा हमखास विसरली जाते.

तेलाने गाडी पळत नाही असे नाही. थेंबभर योग्य तेल उत्तम चालते. पण जास्त झालेले तेल धावपट्टीवर गळते, धूळ धरते, आणि काही तेले प्लॅस्टिकलाही मानवत नाहीत. मुलांच्या शर्यतीत ही कटकट टाळणारा नियम शहाणपणाचाच आहे.

वजनाच्या तपासणीनंतर अनेक ठिकाणी गाडी आयोजकांच्या ताब्यात जाते आणि मग पुन्हा वंगण घालता येत नाही. नियमही स्काउट गटागणिक बदलतात. तेव्हा ग्राफाइटची नळी उघडण्याआधी आपल्या गटाचा नियमांचा कागद एकदा वाचून घ्यावा.