36 आऱ्यांचं चाक

देवनहळ्ळीच्या अलीकडे ‘टिंग’ असा आवाज आला, तेव्हा वाटलं चाकाखालून खडा उडाला. चार पॅडल मारली नाहीत तोच मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं. उतरून पाहिलं तर एक आरा हबजवळ तुटून लोंबत होता. पहाटे नंदी बेट्ट चढून आलो होतो, 1,478 मीटर उंचीवर जाऊन आल्याचा आनंद अंगात होता, आणि आता रस्त्याकडेला उभा राहून मागचा ब्रेक सैल करत होतो. तीन महिन्यांत तुटलेला हा चौथा आरा.

माझं वजन 112 किलो. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवा म्हटलं, म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी पहिली गिअरची सायकल घेतली. बंगळुरात जयनगरहून कोरमंगलाला ऑफिसला जातो, रविवारी जरा लांब. प्रत्येक वेळी आरा तुटला की दुकानात नवा बसवून मिळायचा आणि वर एक वाक्य मिळायचं, “सर, तुमचं वजन जास्त आहे, आरे तुटणारच.” तिसऱ्यांदा ते ऐकलं त्या दिवशी सायकल विकून टाकावी असं वाटलं. ज्या गोष्टीनं शरीर हलकं व्हायचं, तीच गोष्ट जड शरीराला चालत नसेल तर सुरुवात कुठून करायची?

रात्री इस्लामपूरला घरी अप्पांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, आपला दूधवाला आठवतो का? दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या, वर तो स्वतः. त्याचं चाक कधी बसलेलं पाहिलंस? त्या सायकलीचे आरे मोज.”

दुसऱ्या दिवशी के. आर. मार्केटात पोत्यांनी लादलेली एक जुनी काळी सायकल दिसली. गुडघ्यावर बसून मोजले. पुढे 32, मागे 40. आपल्याकडच्या साध्या सायकलींना जुन्या इंग्रजी पद्धतीप्रमाणे आरे असेच असतात, कारण ओझं मागच्या चाकावर जास्त येतं. माझ्या सायकलीला पुढेमागे 28. म्हणजे पोती वाहणाऱ्या सायकलीपेक्षा मागे बारा कमी, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं!

तिथून माझा खरा गोंधळ सुरू झाला. मला वाटायचं, आरे म्हणजे खांब. बैलगाडीच्या चाकात ते तसेच असतात: तुंबा लाकडी आऱ्यांवर उभा, भार खालच्या आऱ्यावर. सायकलीची तार मात्र दाबली तर वाकते, ती उभी काय राहणार? योब्स्ट ब्रँट या अभियंत्याचं ‘द बायसिकल व्हील’ हे 1981 सालचं पुस्तक एका मित्रानं दिलं. त्यातली मुख्य गोष्ट समजायला मला आठवडा लागला. सगळे आरे आधीच घट्ट ताणलेले असतात. आपण बसलो की जमिनीलगतच्या चार-पाच आऱ्यांचा ताण कमी होतो, बाकीच्यांना फारसं कळतही नाही. चाक फिरतं तसा प्रत्येक आरा फेरीमागे एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणतो. माझं चाक किलोमीटरमागे साधारण 470 फेऱ्या घेतं. हजार किलोमीटरला पावणेपाच लाख हेलकावे! तार एका झटक्यानं तुटत नाही, शिणून तुटते, आणि बहुधा हबजवळच्या वाकणाशी. म्हणूनच एक बदलला की शेजारचा जायचा. बाकीचेही तितकेच शिणलेले होते.

ताण मुळातच कमी असेल तर आरा पूर्ण सैल पडतो आणि जास्त लवकर शिणतो. म्हणजे वजन हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं, घाईत बांधलेलं चाक.

नगरतपेठेतल्या गल्लीत एक म्हातारे कारागीर चाकं बांधून देतात असं कळलं. गेलो तर काका मराठी बोलायला लागले. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. त्यांच्या मराठीत कन्नडचा हेल असतो आणि मला तो फार गोड वाटतो. काकांनी माझं वजन विचारलं, वहीत लिहिलं आणि त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. मग चाक स्टँडवर चढवून एकेक आरा बोटानं छेडला. काही टणक वाजले, काही नुसतेच थडथडले. “ऐकलंत? आउट काढलाय, पण ताण सारखा नाही. चाक सरळ दिसतं, आतून सरळ नाही.”

त्यांनी सांगितलं ते असं. रिम दुहेरी भिंतीचा, 36 छिद्रांचा, आणि हबही 36 चाच. आरे स्टेनलेस स्टीलचे, टोकांना 2 मिलिमीटर आणि मधे 1.8. इथे मी अडलो. जड माणसाला मधे बारीक आरा कशाला? काका म्हणाले, मधला बारीक भाग थोडा ताणतो, धक्का तिथे जिरतो, वाकणापर्यंत कमी पोचतो. सगळीकडे जाड आरा घेतला तर सगळा मार वाकणावर. हे मला अजूनही नवलाचं वाटतं. टायर 25 मिलिमीटरचा होता, तो 32 चा घ्यायला सांगितला. माझ्या फ्रेममध्ये त्याहून जाड बसतच नव्हता. रुंद टायरमध्ये हवा जरा कमी चालते आणि गतिरोधकाचा दणका रिमपर्यंत जात नाही.

36 छिद्रांचा रिम यायला तीन आठवडे लागले; दुकानांत 28 आणि 32 चेच असतात. मागचं चाक साडेसात हजारांच्या आत झालं. बांधताना मी दोन तास शेजारी बसलो होतो. प्रत्येक आरा दुसऱ्या तिघांना ओलांडून जातो, तशी वीण. ताण चढवून झाला की काका समांतर आऱ्यांच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळत. टकटक आवाज करत तारांचा पीळ सुटायचा, चाक किंचित हलायचं, काका पुन्हा आऱ्याच्या टोकाचं निपल फिरवायचा पाना हातात घ्यायचे. असं चार वेळा. ताण मोजायचं मीटर होतं, पण आधी कान आणि मग मीटर. मागच्या चाकात गिअरच्या चकत्यांना जागा द्यावी लागते, म्हणून चेनकडचे आरे जास्त ताणलेले आणि डावीकडचे ढिले. छेडले तर उजवीकडे चढा सूर, डावीकडे उतरता. प्रत्येक बाजूचा सूर आपसांत मात्र जुळायला हवा.

शंभर किलोमीटरनंतर दाखवायला या म्हणाले. गेलो, तर एकाच निपलला पाव फेरी.

आता 2,600 किलोमीटर झाले. गतिरोधक आला की पॅडलवर उभा राहतो, गुडघे सैल सोडतो. रविवारी हवा भरताना आधी उजवीकडचे अठरा, मग डावीकडचे अठरा छेडतो. गेल्या रविवारी डावीकडचा एक जरा बोदा वाजला. सायकल घेऊन नगरतपेठेत गेलो. काकांनी तोच आरा छेडला, माझ्याकडे पाहिलं आणि पाना माझ्या हातात दिला.