मधल्या वायरला कुणी विचारलं?

संगणकाचा पडदा काळा पडला की घरातल्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘गेला!’ मग कुणी बटण चालू-बंद करतं, कुणी मॉनिटरच्या पाठीवर थाप मारून बघतं आणि शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन जातो. पण पडदा काळा झाला म्हणजे यंत्र मेलं, असं दर वेळी नसतं. कमी रेझोल्यूशनवर चित्र स्वच्छ दिसतं आणि जास्त निवडलं की पडदा काळा, असं होत असेल, तर बहुधा काहीच गेलेलं नसतं. कुणाला तरी ते झेपत नसतं, एवढंच. हा फरक आमच्या घरी चांगलाच अनुभवाला आला, म्हणून लिहिते आहे.

आमचे सासरे, म्हणजे साऱ्या घराचे अण्णा, मराठी शाळेतून निवृत्त झालेले. वय ७९. खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या थोरल्या बहिणीने वह्यांतून उतरवून ठेवल्या होत्या. कागद पिवळे पडलेले, शाई उडत चाललेली. बहीण गेल्यावर त्या वह्या अण्णांकडे आल्या आणि त्या संगणकावर उतरवायचं त्यांनी मनावर घेतलं. नातीने मोबाइलवर पानांचे फोटो काढून दिले. पडद्यावर एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला अण्णांचं टायपिंग. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. म्हणून पुण्याच्या दिरांनी २७ इंची नवा मॉनिटर पाठवला.

मॉनिटर मोठा, पण अक्षरं धुरकट. त्याचं कारण सोपं होतं. त्या मॉनिटरचे मूळचे ठिपके आडवे २५६० आणि उभे १४४०. त्याला चित्र मिळत होतं १९२० बाय १०८० चं. म्हणजे तीन ठिपक्यांचा मजकूर चार ठिपक्यांच्या जागेत ताणून बसवायचा. इंग्रजी अक्षरं यातून कशीबशी निभावतात. आपल्या अक्षरांचं तसं नाही. मात्रा, रफार, जोडाक्षरं आणि अनुस्वार! ‘घर’ एक आणि ‘घरं’ अनेक. सारा फरक एका टिंबाचा, आणि नेमकं तेच टिंब विरघळून जात होतं.

मग २५६० बाय १४४० निवडून पाहिलं, तर पडदा काळा. पंधरा सेकंदांनी चित्र परत आलं, जुन्याच रेझोल्यूशनवर. विंडोजची ही सोय फार शहाणपणाची आहे. नवं रेझोल्यूशन निवडलं की ‘हे ठेवायचं का’ असा प्रश्न पडद्यावर येतो आणि पंधरा सेकंदांत उत्तर मिळालं नाही, तर संगणक आपणहून मागे येतो. ज्याला पडदाच दिसत नाही, तो उत्तर देणार कसा, हे गृहीत धरून केलेली व्यवस्था. तेव्हा पडदा काळा झाला तर आधी हात बांधून पंधरा सेकंद बसावं. दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला. ‘ग्राफिक्स कार्ड गेलंय, मशीन जुनं आहे, नवीनच घ्या’ म्हणाला.

काम थांबू नये म्हणून तोवर आमच्या सासूबाई, माई, वह्या घेऊन शेजारी बसू लागल्या. त्या वाचायच्या आणि अण्णा टाइप करायचे. माईंचं वय ७४. रोज संध्याकाळी दोन-दोन तास. महिनाभर असं चाललं आणि माईंचा घसा बसला. तेव्हा अण्णा म्हणाले, “राहू दे की आता. वह्या आहेत तशा राहू देत. आता कोण वाचणार आहे ते?” अण्णांच्या तोंडी असलं बोलणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर संगणकावर कापड पडलं ते पडलंच.

मला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. कार्ड गेलं असेल, तर कमी रेझोल्यूशनवर चित्र इतकं स्थिर कसं? एका रविवारी पुतण्या आपला लॅपटॉप घेऊन आला, तेव्हा एकेक गोष्ट बदलून पाहायची ठरवली. एका वेळी एकच, हा नियम. लॅपटॉप त्याच्याच वायरने मॉनिटरला जोडला, तर २५६० बाय १४४० झकास दिसलं. म्हणजे मॉनिटर निर्दोष. तोच लॅपटॉप आमच्या वायरने जोडला, तर पडदा काळा. मग आमचा संगणक पुतण्याच्या वायरने जोडला आणि पडदा लख्ख उजळला. कार्डही निर्दोष! चोर सापडला तो मॉनिटरच्या मागे, वेटोळं होऊन पडलेला. पूर्वी संगणक दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडायला घेतलेली दहा मीटरची एचडीएमआय वायर.

आता वायर तर वायर, तिला कमी-जास्त काय कळतं, असं कुणालाही वाटेल. हिशेब करून पाहा. १९२० बाय १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, तेही सेकंदाला साठ वेळा. साडेबारा कोटींच्या आसपास. २५६० बाय १४४० ला हाच आकडा बावीस कोटींवर जातो. पाणी तेच, पण नळी तेवढीच राहून चालत नाही. एचडीएमआय वायरींचे ‘स्टँडर्ड’ आणि ‘हायस्पीड’ असे दोन वर्ग २००६ मध्ये ठरले. स्टँडर्ड वायर ७४.२५ मेगाहर्ट्झपर्यंतच तपासलेली असते, हायस्पीड ३४० पर्यंत. १९२० बाय १०८० ला १४८.५ लागतात, म्हणजे साधी वायर तिथेच आपल्या कुवतीबाहेर राबत असते. २५६० बाय १४४० ला २४१.५ लागतात. तिथे ती हात टेकते. त्यातून दहा मीटर लांबी!

यातली खरी गंमत पुढेच आहे. संगणक सुरू होतो, तेव्हा तो मॉनिटरला विचारतो, ‘बाबा रे, तुला काय काय झेपतं?’ मॉनिटर आपली माहिती पाठवतो. १२८ बाइटांची ही ओळखचिठ्ठी, तिला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ती ठरवून दिली. मॉनिटर म्हणतो, ‘मला झेपतं.’ कार्ड म्हणतं, ‘मी देतो.’ दोघांचं ठरतं आणि काम सुरू होतं. मधल्या साध्या वायरला मात्र कुणी काही विचारतच नाही. तिला सांगण्याची सोयच नाही. तिला झेपलं नाही की पडदा काळा पडतो आणि दोष कार्डाला किंवा मॉनिटरला लागतो.

हे सगळं मी स्वयंपाकघरात उत्साहाने सांगत होते. माई कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्या वायरीचं राहू दे. मला तरी कुणी विचारलं होतं काय?”

कुणीच काही बोललं नाही. खरंच कुणी विचारलं नव्हतं. अण्णांना टाइप करायचं होतं, वह्यांतल्या ओव्या संगणकावर जायच्या होत्या आणि माई मधे होत्या. त्यांनी वाचायचं हे जणू ठरलेलंच होतं. त्यांचा घसा बसला, तेव्हा आम्ही आल्याचा काढा दिला. पण ‘दमतेस काय?’ हा प्रश्न त्या महिनाभरात एकाच्याही तोंडून आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन मीटरची हायस्पीड वायर आणली. काही शे रुपयांत काम झालं, नवा संगणक घ्यावा लागला नाही. रेझोल्यूशन मॉनिटरच्या मूळच्या आकड्यावर ठेवलं. त्यावर अक्षरं बारीक वाटतात, तेव्हा रेझोल्यूशन कमी करायचं नाही, तर सेटिंगमधलं ‘स्केल’ १५० टक्के करायचं. अक्षरं मोठीही होतात आणि टिंबही जागेवर राहतं. घरात वयस्कर माणसं असतील, त्यांनी एवढं जरूर करून पाहावं. एक मात्र लक्षात ठेवा, यादीत मोठं रेझोल्यूशन दिसतच नसेल, तर दोष वायरचा असेलच असं नाही. काही जुन्या संगणकांच्या एचडीएमआय जोडणीची धाव १९२० बाय १२०० पर्यंतच असते.

अण्णांची चौथी वही आता चालू आहे. बहुतेक पानं त्यांची त्यांना वाचता येतात. जिथे शाई पुरतीच उडाली आहे, तिथे मोठ्या पडद्याचाही इलाज चालत नाही. ती ओवी माईंना तोंडपाठ असते. मग अण्णा हाक मारतात, “आज बसतेस काय घटकाभर?” माई कधी येतात. कधी म्हणतात, “आज नको.” आणि त्या नको म्हणाल्या की अण्णा ती जागा तशीच मोकळी सोडून पुढच्या ओवीकडे वळतात.