प्रिंटर पोर्टच्या आठ पिना

आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरपासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरसाठी जे पंचवीस पिनांचे पॅरलल पोर्ट असे, त्यावरून दिवे आणि मोटारी चालवण्याचा अनुभव महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनी घेतला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले सुटे भाग आणि टर्बो सी हा सी भाषेचा कंपायलर एवढ्यावर तो प्रयोग उभा राहत असे.

या पोर्टच्या २ ते ९ क्रमांकांच्या पिना म्हणजे एका बाइटचे आठ बिट, तर १८ ते २५ या पिना ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या असतात. पिनांची स्थिती धरून ठेवणारे डेटा रजिस्टर बहुधा षोडशमान ३७८ या पत्त्यावर, म्हणजे दशमानात ८८८ वर, सापडते. ‘आउटपोर्टबी’ या फंक्शनने तिथे ९ हा अंक लिहिला की या आठ पिनांना जोडलेल्या, ब्रेडबोर्डवरच्या आठ एलईडींपैकी पहिला आणि चौथा पेटतो, कारण ९ म्हणजे १ अधिक ८. पुस्तकात पाठ केलेली द्विमान पद्धती इथे डोळ्यांना दिसते, आणि संगणकशिक्षणात याच्या तोडीचा धडा क्वचितच मिळतो.

दिव्यांकडून मोटारीकडे वळले की खरी कसोटी रिलेपाशी, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचपाशी लागते. पिनेतून जेमतेम काही मिलिअँपिअर प्रवाह मिळत असल्याने मध्ये ट्रान्झिस्टर घालावा लागतो, आणि रिले बंद होताना तिच्या कॉइलमध्ये उसळणाऱ्या उलट विद्युतदाबाने तो जळू नये म्हणून कॉइलला समांतर डायोड लावावा लागतो. एवढे करूनही संगणक सुरू होताना, प्रोग्रामची एकही ओळ चाललेली नसताना, रिले आपोआप टकटक वाजू शकते; संगणक सुरू करणारे बायॉस किंवा ऑपरेटिंग सिस्टिम प्रिंटरचा शोध घेताना याच पिना हलवत असते. त्यामुळे मोटारीचा पुरवठा प्रोग्रामने पिना शून्यावर आणल्यानंतरच चालू करणे, ही शिस्त अशा प्रयोगात अनिवार्य ठरते.

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोग्रामला पोर्टवर थेट लिहिण्याची असलेली मोकळीक विंडोज एनटीच्या घराण्यात उरली नाही, कारण तिथे साध्या प्रोग्रामने पोर्टला थेट हात लावला तर प्रोसेसरच त्याला अडवतो आणि मध्यस्थ ड्रायव्हर लागतो. लिनक्समध्ये मात्र रूटचे, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचे, अधिकार असलेला प्रोग्राम ‘आयओपर्म’ या फंक्शनने परवानगी मागून हेच काम करू शकतो. ज्या संगणकाला पॅरलल पोर्टच नाही, तिथे यूएसबीला जोडायच्या प्रिंटर केबलने ही उणीव भरून निघत नाही, कारण त्या केबलला ३७८ हा पत्ताच नसतो.