तीन प्रार्थना आणि एक खोडरबर

मुलांनो, डिसेंबर महिन्यातल्या एका सोमवारी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी केकच्या तुकड्यांचा डबा घेऊन आली. "बाई, काल माझं फर्स्ट कम्युनियन झालं!" झाले! वर्गात प्रश्नांचा नुसता पाऊस. "म्हणजे वाढदिवस का गं?" "वाढदिवस नाही रे, त्यांच्यातली मुंज असेल!" "पण पांढराच फ्रॉक का?"

आमची शाळा वसईची. वर्गात डिमेलो, पाटील, शेख सगळी शेजारी-शेजारी बसतात, डबाही वाटून खातात. पण एकमेकांच्या घरातल्या देवाबद्दल मात्र फारसे विचारत नाहीत. त्या दिवशी विचारले, म्हणून मला बरे वाटले.

पाहुण्यांसमोर दंगा केला की आई म्हणते ना, "हेच का आमचे संस्कार?" तो संस्कार वेगळा. हिंदू धर्मात जसे सोळा संस्कार सांगितले आहेत, तसे आम्हा कॅथलिकांचे सात. जुनी माणसे त्यांना 'साक्रामेंत' म्हणत. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचे राज्य होते, त्यांच्या भाषेतला हा शब्द. तसे तुमच्या घरातले पाव आणि चावी हे शब्दही त्यांचेच, बरं का!

संस्कार म्हणजे काय? देवाची कृपा डोळ्यांना दिसत नाही. ती दिसणाऱ्या, हात लावता येणाऱ्या वस्तूंतून माणसाला मिळते, अशी आमची श्रद्धा. आणि वस्तू तरी कुठल्या? सोने नाही, हिरे नाहीत. पाणी, तेल, गव्हाची भाकर, द्राक्षरस. सगळ्या स्वयंपाकघरातल्या! बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात तो बाप्तिस्मा. बाळ अगदी अत्यवस्थ असेल आणि धर्मगुरू जवळ नसतील, तर कोणीही तो देऊ शकतो. दवाखान्यातली हिंदू किंवा मुसलमान नर्ससुद्धा. चर्चचा जो हेतू असतो तोच मनात धरायचा, पाणी घालायचे आणि ठरलेले शब्द म्हणायचे. पुढे दृढीकरणात बिशप कपाळाला सुगंधी तेल लावतात. लग्नात तर आणखी गंमत. तिथे संस्कार देणारे फादर नसतातच, नवरा-नवरीच तो एकमेकांना देतात. फादर साक्षीला. नव्या धर्मगुरूच्या डोक्यावर बिशप हात ठेवतात, ती गुरुदीक्षा.

आजारी माणसालाही तेल लावतात. माझी आजी सांगायची, तिच्या तरुणपणी फादर तेल घेऊन दारात आले की घरात रडारड सुरू व्हायची. कारण तेव्हा तो अगदी शेवटच्या घटकेला देत. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी नवा विधी दिला, आणि मरणाची वाट न बघता मोठ्या आजारातही तो देणे रूढ झाले. आजीने तो खुब्याच्या ऑपरेशनआधी घेतला. त्यानंतर सहा वर्षे ती आम्हाला ओरडायला ठणठणीत होती!

पण मला तुम्हाला खरे सांगायचे आहे ते वेगळेच. पहिल्या कम्युनियनच्या आधी मुलांना पहिले कन्फेशन करावे लागते. म्हणजे आपल्या चुका धर्मगुरूंपुढे बोलून दाखवायच्या आणि देवाची क्षमा मागायची. त्याची ही माझी गोष्ट.

मी तिसरीत होते. वर्गातल्या एका मुलाच्या काकांनी त्याला मस्कतहून एक खोडरबर आणले होते. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचे. सगळा वर्ग ते हुंगायचा. एके दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्या खिशात आले. 'आले' काय, मीच घातले. शोधाशोध झाली. माझ्या बाकावरची मैत्रीण त्याच्या दप्तराजवळ दिसली होती, म्हणून आळ तिच्यावर आला. हातावर दोन पट्ट्या बसल्या, आणि पूर्ण तास वर्गाबाहेर उभे राहावे लागले. मी पाटीवरचे गणित उतरवून घेत होते. रबर खिशात.

कन्फेशन बुधवारी होते. मी पापांची यादी पाठ करून गेले. आईचे ऐकले नाही, भावाला चिमटा काढला, प्रार्थनेत झोपले. लाकडी जाळीपलीकडून फादरांनी विचारले, "आणखी काही?" मी गप्प. तेही गप्प. फार वेळ गप्प. शेवटी मी सांगून टाकले, आणि रडायला लागले.

मला वाटले होते फादर रागावतील. ते म्हणाले, "रबर ज्याचं त्याला दे. आणि मैत्रिणीवरचा आळ काढ." मी म्हटले, "फादर, तुम्हीच सांगा ना आमच्या बाईंना!" ते हसले. "मला नाही सांगता येत, बाळ. इथं ऐकलेलं मी कुणालाच सांगू शकत नाही."

तेव्हा मला ही पळवाट वाटली. पुढे कळले की तो चर्चचा फार कडक नियम आहे. कन्फेशनमध्ये ऐकलेले फोडणारा धर्मगुरू चर्चबाहेर जातो. न्यायालयाने विचारले तरी त्याने सांगायचे नसते, स्वतःचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा नाही. म्हणजे सांगणे माझ्यावरच आले.

फादरांनी पापक्षमेचे शब्द म्हटले, प्रायश्चित्त म्हणून तीन प्रार्थना म्हणायला सांगितल्या. त्या मी तिथेच दोन मिनिटांत संपवल्या. अवघड काम उरलेच होते. गुरुवारी मी पोट दुखते म्हणून शाळेत गेलेच नाही. (हे मात्र पुढच्या कन्फेशनला सांगितले.) शुक्रवारी रबर टेबलावर ठेवले आणि सगळ्या वर्गासमोर म्हटले, "मी घेतलं होतं. तिनं नाही." पाय लटपटत होते. मलाही पट्ट्या बसल्या. दोनच, म्हणजे तिच्याइतक्याच.

रविवारी पांढरा फ्रॉक घालून मी रांगेत उभी राहिले. जिभेवर तो पातळ, कागदासारखा ख्रिस्तप्रसाद ठेवला तेव्हा त्याला काहीच चव लागली नाही, याचे मला फार आश्चर्य वाटले. पण घरी येईपर्यंत मी उड्या मारत होते. आजी म्हणाली, "आमच्या वेळी रात्री बारानंतर पाण्याचा थेंबसुद्धा चालत नसे, तुम्हाला तासभराचाच उपास!"

देवाने बुधवारी क्षमा केली होती. मैत्रीण मात्र माझ्याशी बोलेना. केक दिला, घेतला नाही. तिने जागाही बदलून घेतली. नाताळची सुट्टी तशीच गेली. मी आजीला विचारले, "देवानं माफ केलं, मग ही का नाही करत?" आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पट्ट्या देवाला बसल्या होत्या का तिला?"

१४ जानेवारीला शाळेत तिळगूळ वाटायला सगळ्या मुली डबे घेऊन आल्या. ती एकेका बाकाजवळ थांबत येत होती. माझ्या बाकाजवळ आली. जरा थांबली. मग एक लाडू माझ्या हातावर ठेवून घाईघाईने पुढे गेली. 'गोड बोला' म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तिचे दप्तर पुन्हा माझ्या बाकावर होते.